दोनदाच वाचणाऱ्या पेडणेकरबाई

पेडणेकरबाई वर्गात शिरल्या की आधी मनगटावरचं घड्याळ काढायच्या. घड्याळ टेबलावर उजव्या हाताला, कोमट पाण्याचा थर्मास डाव्या हाताला आणि मधोमध स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद. मग पाण्याचा एक घोट, घसा साफ, आणि इंग्रजीतून घोषणा : "मी दोनदा वाचणार. तिसऱ्यांदा नाही." कुणी कितीही गयावया करो, बाईंनी तिसऱ्यांदा कधी वाचलं नाही. एकदा प्रिन्सिपल मॅडम उशिरा वर्गात येऊन म्हणाल्या होत्या, "माझ्यासाठी जरा परत वाचता का?" त्यांनाही नकारच मिळाला. मी तेव्हा मागच्या बाकावर बसले होते आणि मला वाटलं, आता या बाईंची नोकरी जाते. नोकरी बिकरी काही गेली नाही.

मी अनघा. मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीपायी आखातातल्या अल-खोबरला आले आणि दोन वर्षं फ्लॅटच्या चार भिंती आणि मॉलचे सरकते जिने यांच्यात काढल्यावर इथल्या एका इंटरनॅशनल शाळेच्या मुलींच्या विभागात इंग्रजी शिकवायला लागले. पेडणेकरबाई तिथे अठरा वर्षं होत्या. इंग्रजीच्या परीक्षा त्यांच्या ताब्यात. मुलींना वाचून किती कळतं आणि ऐकून किती कळतं, हे तपासायचं खातं म्हणजे पेडणेकरबाई. वाचनाच्या परीक्षेत छापील उतारा असतो. ऐकण्याच्या परीक्षेत उतारा बाईंकडे आणि मुलींच्या हातात फक्त प्रश्न आणि पर्याय. बाई वाचणार, मुली ऐकणार आणि खुणा करणार. शाळेत स्पीकर होते, पण बाईंना ती खोकी मंजूर नव्हती.

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कॉटनची कडक साडी, वर अबाया म्हणजे तो काळा झगा पुढून मोकळा सोडलेला, कपाळावर एवढीशी टिकली. "मराठी काय गो तू?" मी हो म्हटल्यावर डबा पुढे सरकवला. घावणे होते आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. "खा आधी. मग सांग, तुला ऐकायला येतं का?" मी म्हटलं, माझे कान चांगले आहेत. "कानाचं नाही विचारत मी. कान काय, उंटालाही असतात." मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. सरळ विद्यार्थिनी होऊन टाकलं.

बाई कणकवलीजवळच्या एका गावच्या. आमच्याशी बोलताना साधी मराठी, पण राग आला किंवा माया आली की मालवणी. वर्गात इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी, ऑफिसातल्या अबू फहदशी "यल्ला" (चला) आणि "खलास" (संपलं) एवढ्या दोन शब्दांचं अरबी, आणि त्या दोन शब्दांत बाई इकाम्याचे, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचे, कागद आमच्या आधी करून घ्यायच्या.

मी रुजू झाले तेव्हा शाळेत चिनी मुली नुकत्याच वाढायला लागल्या होत्या. आसपास चिनी कंपन्यांची कामं निघाली होती, इंजिनियर बायकामुलांसकट येत होते. दहावीच्या वर्गात अकरा जणी होत्या. त्यातल्या काहींनी इंग्रजी नावं स्वतःच निवडलेली. एक ॲपल होती, एक क्वीनी होती. वाचनाच्या परीक्षेत या अकराजणी म्हणजे कहर. दोन पानी उतारा असो, त्यात समुद्रातल्या शेवाळाचं चरित्र असो, पेन्सिलीने बारीक रेघा मारत मारत बरोबर उत्तरापाशी जाऊन उभ्या. मी स्वतः ज्या शब्दांपाशी अडखळायची ते त्यांना पाठ. पण समोर उभं राहून साधं "बस किती वाजता सुटते?" विचारलं तर चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. त्या इंग्रजी डोळ्यांनीच शिकल्या होत्या, कानांवर ते कधी पडलंच नव्हतं.

"वाचणं एकट्याचं असतं आणि ऐकणं दोघांचं," बाई म्हणायच्या. "पुस्तक काय, तुमच्यासाठी थांबतं. माणूस थांबत नाही."

या मुलींना ऐकायला शिकवायचं म्हणून बाईंनी विकतचे उतारे बाजूला सारले. त्यांत सदानकदा कुणीतरी धुक्यातल्या स्टेशनवर उभं असायचं. खोबरच्या मुलींना त्याचं काय? बाई स्वतः उतारे लिहायच्या आणि त्यांच्या प्रत्येक उताऱ्यात एक मिस्टर सावंत असायचे. मिस्टर सावंत सव्वासातच्या बसने धाहरानला जात आणि बसमध्ये छत्री विसरत. मिस्टर सावंत समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरायला जात आणि चष्मा हरवत. मासळीबाजारात हामूर घेत आणि पिशवी दुसऱ्याच्याच गाडीत ठेवून येत. "बाई, या बाबांचं काही धड होऊ द्या की हो कधीतरी," मी एकदा म्हटलं. "हरवल्याशिवाय माणूस प्रश्न विचारत नाही," बाई म्हणाल्या, "आणि प्रश्नाशिवाय माझा पेपर व्हायचा कसा?" चिनी मुलींना सावंत खरे वाटायचे. सुट्टीनंतर एकीने बाईंना फार गंभीरपणे विचारलं होतं की मिस्टर सावंतांची छत्री मिळाली का.

या सगळ्यात मेई होती. पंधरा-सोळा वर्षांची, बारकीशी, केस कानामागे घट्ट खोचलेले. तिचे आईवडील ती सात वर्षांची असल्यापासून चीनबाहेर कामाला. सहा वर्षं मेई आजीजवळ राहिली, वर्षातून एकदा आईवडील दिसायचे. तेराव्या वर्षी तिला त्यांनी इथे आणलं. "आता आम्ही तिघं एका घरात जेवतो," हे तिने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, आपल्याकडे पोरी नवीन मोबाइल घेतल्याचं सांगतात तशा थाटात. पण वडिलांनी बजावून ठेवलं होतं : अकरावीत प्रवेश मिळाला तर इथे, नाही तर परत आजीकडे, तिथल्या शाळेत. आई तिच्याबरोबर जाणार आणि वडील कंपनीच्या कॅम्पात एकटे. आणि अकरावीचा प्रवेश अडला होता इंग्रजीवर. त्या वर्षापासून दहावीची इंग्रजीची परीक्षा शाळेची राहिली नव्हती, बाहेरच्या मंडळाची झाली होती.

"मेईचं काय घेऊन बसलीस?" बाई मला म्हणायच्या. "वीसपैकी अठरा घेते ती ऐकण्यात. सगळ्या अकराजणी सोळाच्या वर आहेत." आणि मग अभिमानाने, "बघितलंस कशा ऐकतात? डोळ्यांत डोळे घालून. आपली पोरं खिडकीबाहेर बघत असतात."

खरंच होतं ते. बाई वाचायला लागल्या की अकरा माना वर, बावीस डोळे बाईंच्या तोंडावर. मलाही कौतुक वाटायचं. देवाशपथ सांगते, तोवर माझ्या मनात दुसरं काही आलं नव्हतं.

मग जानेवारीत एका रविवारी (इथे रविवारी शाळा असते) बाईंना इकाम्याच्या कामासाठी यजमानांबरोबर जावं लागलं आणि सरावाची परीक्षा माझ्या गळ्यात पडली. मी घड्याळ उजवीकडे ठेवलं, पाणी डावीकडे ठेवलं, दोनदाच वाचणार म्हणून जाहीर केलं. नक्कल करायला काय जातं! सावंतांच्या दातदुखीचा उतारा होता. मी सावकाश, स्वच्छ वाचला. मुली टक लावून माझ्याकडे बघत होत्या, पण पहिल्या चार ओळींनंतर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पेपर तपासले आणि मी कपाळाला हात लावला. वीसपैकी पाच. चार. सहा. मेईला तीन.

माझं इंग्रजी इतकं वाईट आहे? दोन दिवस मी तोंड पाडून होते. शेवटी मेईलाच कोपऱ्यात गाठून विचारलं, की बाई गं, माझं काय चुकलं? ती लाजली, बुटाने फरशी घासत राहिली आणि मग तुटक्या इंग्रजीत म्हणाली, "मिस, तुमचा चेहरा काही सांगत नाही."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तरी तेवढं वाक्य पुरे नव्हतं. पुढच्या परीक्षेला मी मागे बसले आणि पहिल्यांदाच बाईंचं वाचन ऐकायच्या ऐवजी पाहिलं. बरोबर उत्तराचा शब्द आला की बाईंच्या भुवया वर जायच्या. केवढ्या? तांदळाच्या दाण्याएवढ्या. चुकीचा पर्याय आला की नाक अगदी किंचित मुरडायचं. आकडा आला की हनुवटी खाली. सावंत दुकानदाराला म्हणतात, चाळीस रियाल, नाही नाही, पंचेचाळीस. तर चाळिसाला नाक आणि पंचेचाळिसाला भुवया. मुली कागदावरचे पर्याय आधीच वाचून ठेवत. वाचण्यात त्या पटाईत होत्याच. मग बाईंचा चेहरा वाचून खूण करत. म्हणजे ऐकण्याची परीक्षा दिलीच नव्हती कुणी. दोन्ही पेपर वाचनाचेच झाले होते. यात लबाडी कुणाचीच नव्हती. मुलींना वाटत होतं इंग्रजी असंच ऐकायचं असतं, आणि बाईंना तर पत्ताच नव्हता.

आणि बाहेरच्या परीक्षेत बाई नव्हत्या. तिथे एक स्पीकर होता आणि त्यात कुणातरी अनोळखी माणसाचा आवाज. परीक्षा तीन महिन्यांवर आलेली.

घरी नवऱ्याला सांगितलं. सुहास म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस? त्या सीनियर आहेत." अगदी नवऱ्यासारखंच बोलला. माझं मन दोन दिवस खाली-वर होत राहिलं. अठरा वर्षं ज्या बाईने मान ताठ ठेवून परीक्षा घेतल्या तिला जाऊन सांगायचं, की बाई, तुमच्या परीक्षा खोट्या आहेत? पण डोळ्यांसमोर मेई यायची, तिघांचं ताट मांडणारी. शेवटी गुरुवारी सुट्टीच्या आधी मी सगळं सांगून टाकलं.

बाई आधी हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. "तुका काय वाटला, मी पोरींका उत्तरां सांगतंय?" मालवणी आली म्हणजे प्रकरण गंभीर. "अठरा वर्षां झाली माका! काल इलंस आणि माका शिकवतंस?" डबा बंद केला, अबाया चढवला आणि गेल्या. पुढचे चार दिवस माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. स्टाफरूममध्ये घावण्यांचा वास यायचा आणि मी माझी कोरडी पोळी खायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मोबाइल घे. मागे बस. मी वाचते त्याचं चित्रण कर."

मी केलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही दोघी शेजारी बसलो. बाईंनी मोबाइलचा आवाज पूर्ण बंद केला आणि मला प्रश्नांचा कागद दिला. उतारा नवा होता, त्या वाचत होत्या तेव्हा मी कानात बोळे घालून बसले होते. बाईंचीच तशी आज्ञा होती. "सोडव," त्या म्हणाल्या. मुक्या चित्रणात बाई वाचत होत्या आणि मी खुणा करत होते. दहातली आठ उत्तरं बरोबर आली.

बाईंनी कागद दोनदा तपासला. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि पुन्हा काढला. बाहेर शाळेच्या बसेस सुरू झाल्याचा आवाज येत होता. "माका म्हायतच नव्हता," त्या म्हणाल्या. मग, "आई."

मला वाटलं त्या आईची शपथ घेतायत.

"माझ्या आईला ऐकायला येत नव्हतं. माझ्या जन्माच्या आधी तापात कान गेले तिचे. घरात कोण आलं, काय म्हणालं, बाजारात काय भाव झाला, सगळं मी तिला सांगायची. समोर बसून, तोंड हलवून. महत्त्वाचं असलं की भुवया वर. खोटं असलं की नाक मुरडायचं. माझा आवाज कसा आहे ते आईला ठाऊकच नव्हतं, अनघा. तिला माझं तोंड पाठ होतं."

मी विचारलं, "एकेक गोष्ट तिला कितीदा सांगायचात?"

"ती पुरे म्हणेपर्यंत," बाई म्हणाल्या. आणि रडल्या. मीही रडले. रुमाल एकच होता, तो आळीपाळीने वापरला.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्गाकडे पाठ करून वाचायला सुरुवात केली. आधी फळ्याकडे तोंड, मग घोषणा, मग दोनदा वाचन. मेईला वीसपैकी चार, क्वीनीला दोन, ॲपल परीक्षेतच हुंदके देऊन रडली. आठवड्याभरात चिनी आया शाळेत येऊन थडकल्या. आधी मुलींना अठरा मिळायचे, आता चार मिळतात आणि बाई मुलींकडे पाठ करून उभ्या राहतात, हा कसला अपमान? प्रिन्सिपल मॅडमनी सगळ्यांना बसवलं. त्या आयांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून भाषांतराला मेईला उभं केलं. वास्तविक बाईंना सहज सांगता आलं असतं, की पद्धत बदललीय, नवी परीक्षा आहे, वगैरे. मी तशी तयारीसुद्धा करून गेले होते.

बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्या मुलींना मी ऐकायला शिकवलं नाही. मी त्यांना माझा चेहरा वाचायला शिकवलं. मला हे कळलं नव्हतं, पण कळायला हवं होतं." मेई थबकली. मग एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेली. तिच्या आईने काहीतरी विचारलं. मेईचा आवाज अगदी बारीक झाला. "माझी आई विचारते, आता काय होणार?"

"आता रोज," बाई म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर एक तास. परीक्षेपर्यंत. तुझ्या आईला सांग, मी वचन देत नाही. मी फक्त रोज येणार."

आणि मग बाईंनी जे केलं त्याला तोड नाही. त्या म्हणाल्या, माझा एकटीचा आवाज ऐकून पोरी परत माझ्याच होतील; यांना परके आवाज हवेत, आणि तोंड दिसता कामा नये. त्यांनी मिस्टर सावंतांचे छोटे छोटे उतारे लिहिले आणि अख्ख्या खोबरला कामाला लावलं. ज्याला थोडंफार इंग्रजी वाचता येतं त्याने मोबाइलवर वाचून बाईंना पाठवायचं. शाळेची फिलिपिनी नर्स ग्रेस, गणिताच्या इजिप्शियन मिस हनान, आमच्या व्हॅनचे पठाण ड्रायव्हर खानसाहेब, कोपऱ्यावरच्या बकाल्यातला मल्याळी दुकानदार, कुणी सुटलं नाही. खानसाहेब तर म्हणाले, "मॅडम, ये सावंत साहब अपना सामान संभालते क्यों नहीं?" अबू फहदने आढेवेढे घेतले, मग एकदम तीन उतारे पाठवले आणि रोज विचारायला लागला की माझे चालले का. सुहासनेही वाचला, बाथरूममध्ये जाऊन, तिथे आवाज चांगला येतो म्हणून. कशाला मध्ये पडतेस म्हणणारा तोच हा माणूस!

रोज अडीचला मुली बसायच्या. बाई मोबाइल टेबलावर पालथा ठेवायच्या आणि स्वतः मागच्या बाकावर, मुलींच्या पाठीमागे जाऊन बसायच्या. पहिले पंधरा दिवस मुली माना वळवून बाईंना शोधायच्या. "पुढे बघा," बाई म्हणायच्या, "मी नाही आहे." आवाज दोनदा वाजायचा. तिसऱ्यांदा नाही. एकदा क्वीनी फार रडली तेव्हा मीच म्हटलं, बाई, वाजवा की परत, यंत्रच तर आहे. "जग दोनदासुद्धा सांगत नाही, गो. दोनदा ही माझी मेहेरबानी."

पाच. सात. सहा. नऊ. मेई हळूहळू वर सरकत होती. एक दिवस मिस हनानच्या आवाजातला उतारा चालू असताना ती डोळे मिटून बसलेली दिसली. मला वाटलं झोपली. उतारा संपला आणि तिने न अडखळता खुणा केल्या. बाईंनी मागून मला चिमटा काढला, चांगला काळानिळा होईपर्यंत.

परीक्षेच्या दिवशी आम्हाला आत प्रवेश नव्हता. आम्ही दोघी बाहेर पॅसेजमध्ये उभ्या. दाराआडून स्पीकरचा आवाज अस्पष्ट येत होता. बाईंचे ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत असाव्यात, असं मला वाटलं; नीट ऐकलं तर त्या पुटपुटत होत्या, "डोळे मिट, मेई. डोळे मिट."

निकाल लागला. अकरापैकी दहाजणी पास झाल्या. मेई काठावरच, पण पास. ती धावत आली आणि बाईंच्या पोटाला मिठी मारून उभी राहिली. तिच्या आईने संध्याकाळी डंपलिंगचा एवढा मोठा डबा पाठवला आणि वर चिठ्ठी : 'आम्ही तिघं इथेच आहोत.' क्वीनी मात्र गेली. दोन गुणांनी. तिला परत पाठवलं. बाईंनी तो डबा उघडला नाही. "दोन वर्षं मी तिला फसवलं," त्या म्हणाल्या, "आणि तीन महिन्यांत भरून काढायला बघितलं." मी खूप समजूत घातली. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. क्वीनीला त्या पुढेही दर शुक्रवारी आपल्या आवाजात एक उतारा पाठवत राहिल्या. पुढच्या वर्षी तिकडच्या शाळेतून क्वीनीने ऐकण्याचे आपले गुण कळवले, तेव्हा कुठे बाईंनी मला परत एकदा घावणे खिलवले.

त्याच वर्षी बाईंचे यजमान निवृत्त झाले. इथे नोकरी संपली की इकामा संपतो आणि इकामा संपला की माणूस. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जाण्याचा, शिक्का बसला. अठरा-एकोणीस वर्षांचा संसार आठ खोक्यांत मावला. आता त्या कणकवलीला असतात. महिन्यातून एकदा फोन येतो. "ऐकतत काय गो पोरी?" एवढंच विचारतात. मी ऐकतात म्हणते. त्यांची जागा आता माझ्याकडे आहे, आणि मी फळ्याकडे तोंड करून वाचते. नव्या मुलींना वाटतं मी फार खडूस आहे.

पण त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस सांगायचा राहिला. भाषणं झाली, घड्याळ भेट दिलं. (घड्याळच! बाईंनी ते लगेच काढून टेबलावर उजवीकडे ठेवलं.) मग मेई उठली. तेव्हा ती अकरावीत होती. तिने डावीकडे पाण्याची बाटली ठेवली, घसा साफ केला आणि बाईंना पहिल्या बाकावर बसायची खूण केली. बाई बसल्या. "मी दोनदा वाचणार," मेई म्हणाली. "तिसऱ्यांदा नाही." अख्खा वर्ग हसला. मेई फळ्याकडे वळली, आमच्याकडे पाठ केली आणि वाचायला लागली.

"मिस्टर सावंत घरी चालले आहेत. त्यांनी पासपोर्ट तपासला, तो आहे. तिकीट आहे. चष्मा आहे. छत्रीसुद्धा आहे. या वेळी मिस्टर सावंतांनी काहीही हरवलेलं नाही. विमानतळावर त्यांना सोडायला काही मुली आल्या आहेत. त्यांचं मात्र काहीतरी हरवलं आहे आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाही. प्रश्न : मुलींचं काय हरवलं आहे?"

तिचा आवाज सरळ होता, फक्त कानामागे खोचलेले केस थरथरत होते. तिने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. कागद खाली केला. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"माका नाय कळला," पेडणेकरबाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "मला नाही कळलं. परत वाच."

मेईने पाठमोरीच मान हलवली. "मिस, दोनदाच."

"तिसऱ्यांदा वाच गो," बाई म्हणाल्या.

मेई वळली. तिचा चेहरा रडून लाल झाला होता. ती बाईंच्या समोर आली, अगदी समोर, आणि भुवया उंच करून तिने तो उतारा तिसऱ्यांदा वाचला.